विलायतेतलं दुसरं वर्ष

१९६३, मे महिन्याची नऊ तारीख. माहेरच्या अंगणात मी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसले होते. सालं एका टोपलीत, बिया दुसरीत, आणि मधे परातीत मीठ घातलेला रस. दरवर्षी सोलं, म्हणजे आमसुलं, घालायला मी सासरच्या कट्टा गावाहून मालवणात येत असे. त्या वर्षी धाकट्या भावाला हाताशी घेतलं होतं, कारण तो रिकामाच होता.

विलायतेहून आल्यापासून रिकामा. बर्फ करणाऱ्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं गेला होता, दिवाळीला परतला. मुंबईच्या दोन कंपन्यांनी भेटीला बोलावलं आणि पुढे काही कळवलं नाही. आता मालवणातच बर्फाचा कारखाना निघत होता. त्याचे मालक मासळीचे मोठे व्यापारी. ते संध्याकाळी आमच्याकडे येणार होते. निरोप असा की रातांबे बघायला येतो. त्यांच्या स्वतःच्या बागेत रातांब्याची पाच झाडं. आमच्याकडे माणूस नोकरीला ठेवायचा तर सोयरिकीसारखी चौकशी होते. घर बघतात, चहा पितात, आणि मुलाला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात.

भाऊ काही लपवतोय असा संशय मला होता. विलायतेची हकिगत तो दर वेळी त्याच शब्दांत सांगे, पाठ केलेली कविता म्हणावी तशी. पहिल्या वर्षाचे वर्ग, प्रोफेसर, परीक्षा, सगळं नीट. दुसऱ्या वर्षाचं विचारलं की बर्फात काढलेले फोटो बाहेर यायचे.

बी काढताना त्याचा उजवा तळवा उघडा पडला. तळव्यावर आडवा, सरळ, गुळगुळीत पट्टा.

"ह्यां कशान भाजला?"

"चायच्या किटलीन. सांगलंय नाय तुका?"

"किटली कोण मुठीन धरता रे?"

त्याने मूठ मिटली. मी सुरी खाली ठेवली. "दुसऱ्या वर्साक खंय होतंस?"

"शिकी होतंय."

"खोटां सांगा नको. माका सांगलंस तर एका माणसाक कळात. तो येतलो तो गावभर इचारतलो."

मग निघालं. पहिली परीक्षा पास झाल्यावर पैसे संपले. दुसरं वर्ष त्याने बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला काढलं. नळांवरचा बर्फ खरवडायचा, यंत्राला तेल घालायचं, गळती शोधायची. एकदा गोठलेला नळ उघड्या हाताने धरला आणि कातडी नळालाच राहिली.

"ह्यां मुंबयवाल्यांका सांगलंस?"

"येडी काय गो आक्का? इंजिनिअर म्हणान गेलंय आणि फडकी मारी होतंय म्हणान सांगू? बाबांनी गावभर सांगान ठेवल्यानी."

"मगे बाबा नोकरी देतले तुका?"

उठून गेला. त्याच्या वाटणीचे रातांबे मीच फोडले.

मालक आले तेव्हा भाऊ कोट घालून बसला होता. मे महिना, कानामागून घाम. तो ऑफिसातली शुद्ध मराठी बोलत होता, बाबा मधेमधे भर घालत होते. मालकांनी फोटो पाहिले, चहा घेतला आणि रातांबे बघायचे म्हणून माझ्याकडे अंगणात आले.

"बाय, तुझो भाव हुशार दिसता," ते हळू आवाजात म्हणाले. "पण माजा यंत्र रात्री बंद पडला तर हो काय करतलो? फोटो दाखयतलो?"

खूप कष्टाळू आहे, असं मी म्हणू शकले असते. पण बहिणींकडून असलं त्यांनी पुष्कळ ऐकलं असणार.

"माज्या सांगण्यार जाव नकात," मी म्हटलं. "त्याका तळवो दाखवक सांगा आणि इचारा, कशान भाजलो."

त्यांनी तिथूनच हाक मारली. भाऊ आला, मागून बाबा. भावाने माझ्याकडे असं पाहिलं की पुढची राखी गेलीच समजावं. तरी त्याने हात पुढे केला आणि सांगितलं. बाबांची मान खाली.

मालकांनी बारीक बारीक विचारलं. गळती कशी शोधायचास? पाळीला माणसं किती? भाऊ आता मालवणीत उत्तरं देत होता, आणि पाठ केल्यासारखं काही नव्हतं.

"नळ उघड्या हातान धरलंस कित्याक?"

"हातमोजे आदल्या पाळीच्या माणसान नेल्यान," भाऊ म्हणाला. मग तळव्याकडे बघत, "आणि माका झोप इल्ली."

मालक पहिल्यांदाच हसले. "झोप इल्ली म्हणता. आता माका खरां वाटता."

"तो इंजिनिअर आसा," बाबा म्हणाले.

"आसांदे. फाल्यां सकाळी येवंदे. महिनोभर बगतंय. आणि कोट नको."

रात्री जेवताना भावाने मला आमटीसुद्धा मागितली नाही. वाटी मीच सरकवली.

सकाळी तो जुना खाकी शर्ट घालून निघाला, पण कोट हातावर होताच. "वाटेर लोक बगतंत," म्हणाला. मी कोट काढून घेतला. तो फाटकाबाहेर गेल्यावर कोट झटकला, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्याला नेऊन द्यायला बाबा तो मागतील असा संशय होता. मग सोलं रसात बुडवून उन्हात घातली.