पाय न टेकणारी डाक्टरीण

गुरांची डाक्टरीण चहा प्यायची ती फटफटीवर उभी राहून. बसून नव्हे, उभी राहून. दोन्ही पाय गाडीच्या पायट्यांवर, गुडघे जरा वाकलेले, पुढचं चाक एका अंगाला वळवलेलं, उजव्या हातात ब्रेक आणि डाव्या हातात चहाचा पेला. गाडी जागची हलायची नाही आणि बाईचा पाय जमिनीला लागायचा नाही. ओरत्तनाडूच्या रस्त्याला आमच्या फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथे हा तमाशा रोज सकाळी. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, बाईंची गाडी कुठे अडकली. एका भल्या माणसाने मागून धरलीसुद्धा. ती म्हणाली, "सोडा हो. तुम्ही धरलंत म्हणून पडेन मी."

ती कोल्हापूरकडची. इकडे गुरांच्या डॉक्टरीचं पुढचं शिकायला आली आणि एका दूध डेअरीत नोकरीला लागली. दूध घालणाऱ्या गावांतली जनावरं बघायची, हे तिचं काम. लोक तिला माट्टु डॉक्टरम्मा म्हणत, म्हणजे गुरांच्या डॉक्टरीणबाई. मी डाक्टरीण म्हणायचो. मी तंजावरकडचा मराठी माणूस. आमचे लोक इकडे कधी आले ते माझ्या पणजोबांनाही नीट ठाऊक नव्हतं. शाळा तिसरीपर्यंत, तीही तमिळ. ही मराठी अक्षरं वडिलांनी वाळूत बोट धरून गिरवून घेतली. तेव्हा कुठे काना-मात्रा चुकली असेल तर चुकली, मी ती पुसणार नाही.

तिला माझं मराठी ऐकून हसू यायचं. "काका, तुम्ही माझ्या खापरपणजीसारखं बोलता," म्हणायची. मी म्हणायचो, "म्हणजे आमचं खरं. तुम्ही लोकांनी तिकडे राहून बिघडवलंत." जनावराशी ती मराठीतच बोलायची, मग गोठा कुणाचा का असेना. "ये बाय, वळ इकडं, घाबरू नको," असं कानाशी पुटपुटत थर्मामीटर लावायची. तमिळ घरातल्या गाई गोंधळून बघत. माझ्या गाई मात्र लगेच वळत. मी तिला सांगितलं, माझ्या नातवंडांना मराठी कळतं पण बोलता येत नाही, गाईंचंही तेच आहे. ती म्हणाली, "मग गाई बऱ्या. निदान मान तरी हलवतात."

तिच्या त्या उभं राहण्याला कारण होतं. आमच्याकडचा मोठा पाऊस ऐप्पसी महिन्यात, म्हणजे तुमच्या दिवाळीच्या आसपास. तिच्या पहिल्याच ऐप्पसीत कालव्यापलीकडच्या गावातून फोन आला, गाईचं पोट फुगलंय. रस्ता पाण्याखाली होता. ती गाडी घेऊन वरप्पुवर चढली. वरप्पु म्हणजे भाताच्या दोन शेतांमधला बांध, माणसाचं पाऊल मावेल एवढा. घसरली, औषधाच्या पेटीसकट चिखलात गेली, उठून चालत निघाली. पोचली तेव्हा गाय गेली होती. त्या घरच्या म्हातारीने हिला पाय धुवायला ऊन पाणी आणून दिलं. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं काका," एवढंच ती मला म्हणाली.

डेअरीच्या मॅनेजरने तेच निमित्त धरलं. पलीकडच्या गावांतलं दूध कमी, त्रास फार. म्हणाला, पुढच्या पावसात तुम्हाला तिथे पोचता आलं नाही तर ती गावं बंद करू, औषध फोनवर सांगा. फोनवर औषध सांगितल्याने अडलेलं वासरू बाहेर येत नाही, हे त्याला कोण सांगणार. डाक्टरणीने सांगितलं, "मी पोचेन." आणि सुट्टी काढून कोइंबतूरकडच्या कुठल्या शिबिराला जाऊन आली. परत आली ती हे खूळ घेऊन.

ह्या खेळाला ट्रायल्स म्हणतात. मला आधी वाटलं कोर्टकचेरीचं काही आहे. फटफटीचाच खेळ, पण शर्यत नाही. दगड, ओंडके, खड्डे, चिखल ह्यांतून गाडी न्यायची आणि पाय टेकायचा नाही. पाय टेकला की गुण गेला. जोरात जाणाऱ्याला काही मिळत नाही. माझ्या नारळाच्या बागेमागे एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. तिथे जळक्या विटांचे ढीग, मातीचे खड्डे, पडलेले माड. डाक्टरीण ती जागा बघून अशी खूश झाली की माणूस सोन्याच्या दुकानात होत नाही. म्हणाली, "काका, इथे मला पडू द्या." मी म्हटलं, "पडायला माझी जागा कशाला? रस्त्यावर पडा." पण दुसऱ्या दिवशी फाटक उघडं ठेवलं.

मी खुर्ची टाकून बघत बसायचो. ती विटांच्या ढिगावर चढायची, पडायची, चाकातली हवा थोडी सोडायची, परत चढायची. मला हसू येई. मी मिसरूड फुटल्यापासून फटफटी चालवत आलोय. माझ्या गाडीचा आवाज ऐकून पलीकडच्या गावातलं कुत्रं उठून बसतं. हे मी तिला दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, "मग काका, ह्या माडांमधून एकदा फिरवून आणा. मी चालत तुमच्या शेजारून येते. माझ्या पुढे जायचं नाही." मी निघालो. पहिल्या माडाच्या आळ्याला वळसा घालतानाच माझा पाय खाली. दुसऱ्याला दोन्ही पाय. तिसऱ्या माडाला मी मिठी मारली.

"तुम्ही वेगावर तरंगत होता," ती म्हणाली. "वेग काढून घेतला की उरतं ते चालवणं."

मी तिला परत जायला सांगितलं. चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी तीच आली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "तुमची गाडी जड आहे, माझी घ्या. एका बोटाने क्लच धरा. गाडी कलू द्या, तुम्ही सरळ राहा. चाकाकडे बघू नका, जिथे जायचंय तिथे बघा." सत्तरी जवळ आलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. मुलगा घरी ओरडला, "अप्पा, हाडं मोडतील, मग कोण बघणार?" मी म्हटलं, "हाडं माझी, मी बघेन."

पंच म्हणून आम्ही मुरुगेसनला बसवला. हा आमच्या बागेतले नारळ उतरवतो. सोललेल्या नारळांच्या सोडणांच्या राशीवर बसून तो डाक्टरणीच्या पायांवर डोळा ठेवी आणि पाय टेकला की ओरडे, "काल." तमिळमध्ये काल म्हणजे पाय. पाव हिश्श्यालाही काल म्हणतात, पण ते असो. डाक्टरणीला तमिळ गोठ्यापुरतं येत होतं. एक दिवस ती गाडी थांबवून वैतागून माझ्याकडे आली.

"काका, हा सारखं काल काल काय म्हणतो? काल काय झालं?"

"काल नव्हे, आत्ताच झालं."

"काय झालं आत्ता?"

"तुमचा पाय टेकला."

"मग काल का म्हणतो?"

"कारण टेकला म्हणून."

मुरुगेसन आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी त्याने स्वतःचा पाय वर करून दाखवला. डाक्टरीण विटांच्या ढिगावर बसून पोट धरून हसली. तेव्हापासून ते तिचं बोलणंच झालं. माझा पाय टेकला आणि मी चरफडलो की म्हणायची, "टेकला तो काल झाला काका. पुढचा दगड बघा." तमिळ माणसाला त्यातलं अर्धं कळे, मराठी माणसाला अर्धं. पुरं कळणारे आम्ही तंजावरचेच.

दुसरी ऐप्पसी आली. कालवा फुटला, रस्ता गेला, आणि सकाळीच पलीकडून फोन. पहिलटकरी गाय अडलेली, वासराचा एकच पाय बाहेर. पलीकडे जायला उंच बांध तेवढा उरला होता आणि तोही मध्ये तुटलेला. त्या तुटलेल्या जागी लोकांनी दोन माडांचे ओंडके शेजारी शेजारी टाकले होते, माणसं जपून चालत जात. खाली पाणी लालभडक आणि ओढ मोठी. तिथून गाव बरंच लांब, चालत जायचं तर दुपार झाली असती. मॅनेजरचा फोनही येऊन गेला, म्हणाला, जाऊ नका, मी त्यांना कळवतो. डाक्टरीण म्हणाली, "कळवू नका, मी निघाले."

मी आणि मुरुगेसन मागून चालत आलो. तिने पेटी पाठीला बांधली, ओंडक्यांपाशी गाडी थांबवली, नेहमीसारखी उभी राहिली. टपरीवर जी बाई करमणूक वाटायची ती इथे वाटेना. मी म्हटलं, "बाई, नको." ती म्हणाली, "काका, मला आता बोलायला लावू नका," आणि निघाली. माणूस चालतो त्याहून हळू. मध्यावर आल्यावर मागचं चाक ओल्या सालीवर सरकलं. तिने शांतपणे डावा पाय खाली ओंडक्यावर टेकला, गाडी सावरली. मुरुगेसनच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काल."

तिने मागे बघितलं नाही. म्हणाली, "असू दे. गाईला सांगू नका."

आम्ही चालत पोचलो तोवर दुपार झाली, तरी ती अजून गोठ्यात आडवी पडली होती, हात खांद्यापर्यंत गाईच्या आत. वासराचा दुमडलेला पाय सरळ करायला वेळ लागला. मराठीत गाईची समजूत काढत होती. मग वासरू आलं, गळपटलेलं, नाकात पेंढ्याची काडी घातल्यावर शिंकलं. कालवड होती. घरच्यांनी गूळ वाटला. गावं तिच्याकडेच राहिली. मॅनेजरने नंतर डेअरीत तिचं कौतुक केलं म्हणे. मी असतो तर त्याला दोन शब्द ऐकवले असते.

त्यानंतरचा एक पाऊस तिने काढला. मग पोंगलनंतर तिच्या वडिलांना अर्धांग झालं आणि ती निघाली. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बागेत आली, गाडी घेऊन. किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "हे काय?"

"तिकडे नेऊन काय करू? हिला इथले बांध पाठ आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "नवे डॉक्टर चांगले आहेत काका. पण त्यांच्याकडे चार चाकं आहेत. पावसात ते फुटलेल्या जागेपाशी थांबतील."

"थांबू दे."

"ते थांबले की गावं गेली."

ती काय मागते आहे ते मला कळलं. मी म्हटलं, "बाई, मी म्हातारा माणूस." ती म्हणाली, "म्हातारी माणसं हळू जातात. तेवढंच हवंय." वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला आणि 'बेष' एवढंच म्हणालो. बेष म्हणजे आमच्याकडे छान. वडील तिला अजून सोडत नाहीत. फोन करते, आधी गाईंची चौकशी, मग माझी.

गेल्या ऐप्पसीत बांध पुन्हा फुटला. नवे डॉक्टर तरुण आहेत, शिकलेले, पायात चकचकीत बूट. ओंडक्यांच्या अलीकडे मोटार लावून पाण्याकडे बघत उभे होते. पलीकडे म्हैस अडलेली. मी फटफटी त्यांच्या शेजारी नेऊन उभी केली.

"पेरियवर, मी आपला चालत येऊ का?" ते म्हणाले. म्हाताऱ्याला मान द्यायचा तर इकडे पेरियवर म्हणतात.

"चालत पोचाल तोवर रेडकू राहायचं नाही. बसा मागे. पेटी मांडीवर घ्या. कमरेला धरा, खांद्याला नको, खांदे मला गाडी सावरायला लागतात."

ते बसले. मी उभा राहिलो, एका बोटाने क्लच सोडला आणि निघालो. मध्ये कुठेतरी ते देवाचं नाव घेऊ लागले. पलीकडच्या मातीवर चाक आलं तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. गावात शिरून मी गाडी थांबवली आणि म्हटलं, "उतरा डॉक्टर. म्हैस डावीकडच्या गोठ्यात आहे."