डाव्या पाकळीखालचं गंध

हे मी कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, आणि रोज ज्याला अंघोळ घालतो त्या देवापुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या हातचं तीर्थ घेत नाही.

मी पेडणे तालुक्यातल्या एका गावचा गुरव. आमच्याकडे मोठा निर्णय असला की देवाला प्रसाद लावतात. गुरव दोन पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन अंगांना चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमीन, लग्न, ऑपरेशन—वकिलाचं, डॉक्टरचं ऐकून झालं तरी शेवटचा शब्द देवाचा. म्हणजे—कुणाचा?

सखाराम माझ्या वर्गातला. टेम्पो चालवायचा. धारगळला एक दुकान फुटलं आणि जवळच हायवेवर याचा टेम्पो उभा होता, एवढ्यावरून पोलिसांनी त्याला उचललं. सुटून आला तेव्हा उजव्या हाताची बोटं फौजदाराच्या दांड्याने मोडलेली. चोर दुसराच निघाला. फौजदार म्हणाला, "होतं असं कधीकधी. जा घरी." होतं असं? कुणाच्या हाताचं होतं? अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

त्याने म्हापशाच्या कोर्टात पोलिसांवर भरपाईचा दावा लावला. वर्षं गेली, टेम्पो विकला गेला. अखेर फौजदाराची उलटतपासणी जवळ आली—आणि लगेच निरोप आला, तडजोड करा. पैसे मिळतील. दावा मागे घ्यायचा, आणि चूक कुणाची होती ते कुठेच म्हणायचं नाही.

"पैसो नको रे बाबल्या," सखाराम मला म्हणाला. "त्या फौजदारान एकदा कोर्टात उभ्यान सांगूक व्हया, माझी चूक झाली म्हणान."

पण त्याची बायको कोर्टाच्या खेपांनी थकली होती. घरात रोज भांडण. शेवटी तो म्हणाला, "सोमवारी प्रसाद लावया. देव सांगात तां मी करतलंय."

आदल्या संध्याकाळी फौजदार देवळात आला. बूट काढले, पायसुद्धा धुतले. नारळ ठेवला. म्हणाला, "गुरवानू, तुमचो झील पोलीस भरतीक बसलो मां? बरो पोरगो." मग मूर्तीकडे बघत, "देवाक शांतता आवडता." बस्स. धमकी नाही, मागणी नाही. न मागताच सगळं समजणारा माणूस त्याला हवा होता. तो मी होतो.

सोमवारी मी गाऱ्हाणं घातलं—खणखणीत आवाजात. तडजोड करायची तर उजवी दे, म्हटलं. आणि डावी पाकळी लावताना तिच्या पाठीवर गंधाचं बोट फिरवलं. दाट, नुकतंच उगाळलेलं. ती पडणार नव्हतीच.

उजवी पडली. सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!"

सखाराम त्या पाकळीकडे बघत राहिला. मग डोकं टेकवलं, आणि जाऊन सही केली. फौजदाराला बढती मिळाली. माझ्या मुलाला नोकरी लागली—त्या नारळामुळे की स्वतःच्या धावण्यामुळे, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर काय बदललं असतं?

गाव म्हणतं, देवानेच मिटवलं. देवाने? हे ऐकलं की घंटा उपटून फेकावीशी वाटते. फौजदाराचा संताप येतो, त्या गुळगुळीत तडजोडीचा येतो. पण त्याने निदान दांडा उगारून मारलं, सखारामला दिसेल असं. मी चंदनाने मारलं. आणि वर दक्षिणा घेतली.

सखाराम अजून दर सोमवारी येतो. त्याचा उजवा पंजा उघडत नाही, म्हणून तीर्थाला डावा पुढे करतो. दर वेळी आधी मूर्तीकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "माफ कर देवा, हात डावो आसा."

आणि मी पळी कलती करतो.