सत्यवतीची दुसरी सही

आमच्या इब्रामपुरात एखादं माणूस फारच कमी बोलायला लागलं की लोक म्हणतात, "सत्यवतीच्या शाळेत गेल्लो काय रे?" माणूस गाव सोडून गेलं तरी मागे काहीतरी राहतं. कोणाचं कर्ज राहतं, कोणाचं आंब्याचं झाड. सत्यवतीचं हे एवढं राहिलं.

ती माझ्या चुलत भावाची, सगुणची सून. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक गडगा, दगडांचा, तोही अर्धा पडलेला, त्यामुळे तिकडची फोडणी इकडे आणि इकडचा खोकला तिकडे. मला ती आबा म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा अशी नव्हती हो. हसायची. लग्नाच्याच दिवशी भटाची स्कूटर चालू होईना, तेव्हा नवरदेव, म्हणजे सगुणचा मुलगा, आमचा धाकू, मुंडावळ्या बांधलेल्या स्थितीत खाली बसून प्लग पुसायला लागला, आणि मांडवात सगळ्यांत आधी कोण हसलं असेल तर ही नवरी. सगुण रागाने लाल! "सून हसता, झील गॅरेज घालता, आता भटान तरी स्वयंपाक करूचो!" असं म्हणाला, आणि मग भटही हसला.

धाकू डिचोलीच्या खाणीवर डंपर दुरुस्त करायचा. दोन मुलं झाली, आधी गौरेश, मग सिद्धी. सिद्धी रांगत होती तेव्हा तो मस्कतला गेला. तिथल्या कंपनीचा कोणी गोरा साहेब त्याच्यावर खूश झाला आणि कॅनडातल्या एका खाणीवर घेऊन गेला. मध्ये एकदाच आला, सगुण वारला तेव्हा. बाराव्याला डोकं भादरून पुन्हा विमानात बसला. त्यानंतर त्याचे फोटो यायचे. बर्फात उभा धाकू, गाडीला टेकलेला धाकू, टोपी घातलेला धाकू. त्याची आई तारा ते फोटो घेऊन गावभर फिरायची. सत्यवती एकदा बघायची, आणि "बरो दिसता" म्हणून परत द्यायची.

त्याचा फोन पेडण्याला एका कापडवाल्याच्या दुकानात यायचा. फोनचा दिवस ठरला की आम्ही वरात काढल्यासारखे सकाळच्या बसने निघायचो. तारा, मुलं, सत्यवती, मी आणि काही काम नसताना बाबली. हा बाबली म्हणजे आमच्या गावचा न्हावी, त्याला कुठे जमाव चुकत नसे. फोन वाजला की तारा आधी रडून घ्यायची, मग मुलं ओरडून घ्यायची, आणि मग रिसीव्हर सत्यवतीच्या हातात.

"हां. हां. बरी असंय. हां."

तिकडून धाकू ओरडायचा, तो आम्हा सगळ्यांना ऐकू यायचा. "अगो, कायतरी बोल मगो!"

"काय बोलू? भात कापून झाला."

कापडवाला गालातल्या गालात हसायचा. बाबली म्हणायचा, "वयनी, तुमी आकाशवाणीर जावा. बातम्यो बऱ्यो वाचशात." ती त्यावरही रागवायची नाही. रिसीव्हर ठेवायची, पदर सारखा करायची, बाजारात जाऊन पाव आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, घ्यायची आणि परतीच्या बसला खिडकीजवळ बसायची. पहिल्या एक-दोन वर्षांत रडली असेल, मी बघितलं नाही. पुढे पुढे मात्र तिच्या आतलं कोणीतरी दार ओढून घेऊन निघून गेल्यासारखं झालं. भात लावत होती, काजू गोळा करत होती, सासूचे पाय चेपत होती, पण विचारलं तर सगळ्याला एकच उत्तर, "असा तसा असा," म्हणजे आहे तसं आहे.

आणि मग धाकूचा निरोप आला की त्याने तिघांना तिकडे न्यायचं ठरवलंय. स्पॉन्सर करणं म्हणतात त्याला. तिकडे राहणाऱ्या माणसाने सरकारला सांगायचं, ही माझी बायको, ही माझी मुलं, ह्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी माझी. मुलांचं काही अडलं नाही, जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं. सत्यवतीसाठी दिल्लीच्या कचेरीला लग्नाच्या नोंदणीचा दाखला हवा होता. मी म्हटलं, त्यात काय, पेडण्याला जाऊन घेऊन येऊ. लग्नाच्या सहीला मी स्वतः हजर होतो.

कारकुनाने जुनं जाडजूड पुस्तक काढलं, धूळ झटकली, पान सापडलं. धाकूची सही होती, सत्यवतीची होती, सगुणचीही होती. कारकून चष्मा वर करून म्हणाला, "ही पहिली सही. दुसरी कुठे आहे?"

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या गोव्यात लग्न म्हणजे नुसत्या अक्षता नव्हेत. आधी दोघांनी सरकारी कचेरीत जाऊन सही करायची, की आम्ही लग्न करणार आहोत. मग कचेरी फळ्यावर नोटीस लावते, कोणाची हरकत असेल तर सांगा. पंधरा दिवस गेले की पुन्हा जाऊन दुसरी सही करायची, तेव्हा कुठे सरकारच्या लेखी लग्न होतं. पोर्तुगीज गेले, पण हा कायदा ठेवून गेले.

तर ह्या दोघांची पहिली सही झाली, मग भटाने लग्न लावलं, गाव जेवला. दुसऱ्या सहीचा दिवस आला तेव्हा सगुण दारात आडवा उभा. म्हणाला, "अक्षता पडल्यो ना? मगे परत कसली सही? लग्न लागलेल्या चेडवान परत लग्नाची सही करूची म्हणजे दुसरपणाचा लग्न झाला! माझ्या घरात असलो अपशकून नको." तारानेही मान डोलावली. धाकूला खाणीवर रजा नव्हती. झालं. गावात आणखी दोन-तीन घरांनी असंच केलेलं होतं, आणि कोणाचं काही अडलं नव्हतं, कारण कोणाला कॅनडाला जायचं नव्हतं.

कारकून म्हणाला, "नियमाप्रमाणे ह्या बाई अजून कुमारिका आहेत."

मी हसलो. मला हसू येतंच, काय करू. सत्यवतीने विचारलं, "मगे मुलां जातीत?"

"मुलं जातील की," कारकून म्हणाला.

"बरा," ती म्हणाली, आणि छत्री घेऊन बाहेर गेली.

धाकूला यायलाच हवं होतं. सगळं नव्याने करायचं, पहिल्या सहीपासून. तो रजा काढून आला. गेला होता केंद्रशासित प्रदेशातून आणि आला राज्यात! गोवा राज्य झाल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "बघ, तू गेलंस म्हणान गोव्याची बढती झाली." पहिली सही झाली, कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागली. त्या दिवसांत कोकणी की मराठी ह्यावरून चहाच्या दुकानात पेले फुटलेले, आणि बाबली नेमका कारकुनाला विचारतो, "हरकत घेवची झाली तर खंयच्या भाषेत घेवची?" कारकून म्हणाला, "घेऊच नकोस बाबा, ह्यांची मुलं शाळेत जातात."

आता पंधरा दिवस थांबायचं. ताराने काय करावं? नवऱ्याच्या हट्टापायी जे करायचं राहिलं ते ती आता काटेकोर करायला बसली. धाकूचं अंथरूण ओसरीवर घातलं! "दुसरी सही होईसर धीर धर रे," म्हणाली. दोन पोरांचा बाप, अर्ध्या डोक्याला टक्कल, ओसरीवर मच्छर मारत पडलेला. बायका विहिरीवर सत्यवतीला चिडवायच्या, "काय गो न्हवरे, हळद कधी?" सगळा गाव हसत होता. मीही. एक सत्यवतीच तेवढी नाही. लाजली नाही, चिडली नाही, त्याचं अंथरूण बाहेर घातलं काय आणि आत घातलं काय, तिला दोन्ही सारखंच.

एकदा मी गडग्यापलीकडे मिरच्या वाळत घालत होतो. ती नारळ सोलत होती आणि धाकू पायरीवर बसून तिला तिकडचं सांगत होता.

"थंय नळाक गरम पाणी येता. चूल घालूक नको."

"हां."

"घरात थंडी लागना नाय. आख्खा घर तापता."

"हां."

"मुलांची शाळा घराच्या लागीच असा. बस दारात येता."

"बरा झाला."

धाकू मग म्हणाला, "सत्यवती, तुका येवचा असा ना?"

नारळाचं एक सोडण निघालं, दुसरं निघालं. ती म्हणाली, "सही कधी असा? गुरवारी मां?"

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. चहा दिला तर घेईना. "आबा, ती माझ्याशी भांडना नाय. मी समजून आयलंय, आयकवतली, रडतली, इतकी वर्सां खंय होतंस म्हणान विचारतली. मी सगळी उत्तरां तयार करून आयलंय. ती विचारीच ना. माका भय दिसता."

"कसला भय?"

"तिना सही करूक नाय तर? कायद्यान ती माझी कोणच नाय आबा. ती नको म्हणाली तर मी काय करू?"

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. गंमत म्हणून बघत होतो मी सगळं. त्याची समजूत घालायला म्हणून मी त्याच्या आज्याची, वाघ बघून माडावर चढला होता ती हकीकत सांगितली. तो तिथे नव्हताच. म्हणजे समोर बसला होता, पण नव्हता.

गुरुवारी आम्ही गेलो. साक्षीदार मी आणि बाबली. बाबली टोपी घालून आला होता. तारा घरी, तिने देवाला नारळ काढून ठेवलेला. कारकुनाने पुस्तक उघडलं आणि कायद्याप्रमाणे विचारलं, आधी धाकूला. "तुम्ही आपल्या खुशीने ह्यांच्याशी लग्न करता?"

"होय!" धाकू एवढ्या मोठ्याने म्हणाला की पलीकडच्या टेबलावरची बाई दचकली.

मग सत्यवतीला. "बाई, तुम्ही आपल्या खुशीने करता?"

पंखा फिरत होता, त्याचं एक पातं कर्रकर्र करत होतं. कारकुनाला वाटलं ऐकू गेलं नाही, त्याने पुन्हा विचारलं.

"ह्या माका आधी कोणी विचारला होता?" ती म्हणाली.

कारकून गोंधळला. "पहिल्या वेळी विचारलं असणार. नियम आहे."

"तेव्हा बापाशीन उत्तर दिलेला," ती म्हणाली. आवाज कसा, तर पिठाचा भाव सांगावा तसा. "आणि नाय म्हटला तर?"

"तर नाही. पुस्तक बंद करायचं. तुम्ही तुमच्या घरी, ते त्यांच्या."

बाबलीने टोपी काढली. धाकू टेबलाची कड धरून उभा होता, कपाळावरून घाम कानाकडे उतरत होता. तिने मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं. आल्यापासून तिने त्याला चहा दिला होता, जेवण वाढलं होतं, टॉवेल दिला होता, पण बघितलं तेव्हाच. बराच वेळ बघत राहिली.

"तुमी केसांक काळो रंग लायता?"

धाकूचा हात डोक्याकडे गेला. "हां. थंय सगळी लायतत."

"घामान उतरता तो. कानार इलो."

त्याने रुमाल काढून कान पुसला. रुमाल काळा झाला. तो हसायला गेला, पण चेहरा भलताच झाला त्याचा. म्हणाला, "सत्यवती, मी एकटोच जेवतंय गो थंय. रेडिओ लावन जेवतंय."

ती कारकुनाकडे वळली. "खंय करूची?"

त्याने बोट ठेवलं. तिने सही केली, शाळेत शिकलेल्या गोल गोल अक्षरांत, सावकाश. पेनाचं टोपण लावून परत दिलं. कारकून म्हणाला, "अभिनंदन, पेढे?" आणि आम्ही एकदम बोलायला लागलो, सगळे, काय वाटेल ते. ती म्हणाली, "साडेबाराची बस असा. मुलांची शाळा सुटात."

घरी तारा दारातच होती. "झाला?"

"झाला," सत्यवती म्हणाली आणि गोठ्याकडे गेली. त्या दिवशी धाकूचं अंथरूण आत गेलं. सत्यवतीनेच उचलून नेलं, झाडून.

धाकू रजा संपवून परत गेला, कागद दिल्लीला गेले, परत आले, डॉक्टरने छातीचे फोटो काढले, आणि वर्षभराने तिघांना परवानगी मिळाली. तारा पेडण्याला लेकीकडे राहायला गेली. आम्ही जीप करून दाबोळीला पोचवायला गेलो. मांडवीचा पूल पडलेला, बेतीला फेरीबोटीची ही रांग! बाबली म्हणाला, "विमान चुकला तर बरा, परत घराक जावया." गौरेश आणि सिद्धी दोघंही त्याच्यावर ओरडली.

विमानतळाच्या दारात गावच्या बायका रडायच्या तयारीने उभ्या होत्या. दोघीतिघींनी पदर आधीच तोंडाला लावलेला. पण जिच्यासाठी रडायचं तीच कोरडी, त्यामुळे त्यांनाही सुरुवात करता येईना. सत्यवतीने सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. माझ्या पाया पडून उठली तेव्हा मी न राहवून विचारलं, "बरा वाटता मगो बाय? घोवाकडे जातस."

तिने थोडा विचार केला. खरंच केला, मी बघत होतो. "अजून कायच वाटना नाय, आबा," म्हणाली. "त्येंनी कान पुसलो तेव्हा जरा वाटला होता. थंय गेल्यार वाटात. वाटूक व्हया."

मग एका हाताने गौरेशला आणि दुसऱ्याने सिद्धीला धरून ती काचेच्या दारातून आत गेली. मुलं वळून वळून हात करत होती. ती पुढे बघत चालली होती, रांगेत कुठे उभं राहायचं ते शोधत.