भरेल का खाली?

अख्ख्या वाशिम जिल्ह्यात वजन या गोष्टीचा आमच्या साडभाऊंइतका खोल विचार कोणी केला नसेल, आणि जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हळद तोलणारे किती आहेत हे लक्षात घेऊनच मी हे म्हणतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. केनवडला त्यांची शेती आहे, आणि गोठ्यात दोन बैलांच्या शेजारी एक हिरवी इंग्रजी स्पोर्ट्स कार. साठ वर्षांपूर्वी विलायतेत तयार झालेली, दोनच माणसांची, बसल्यावर हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल इतकी बुटकी. ती त्यांनी अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडून आणली, चार वर्षे खपून चालती केली, आणि बाजाराच्या दिवशी डाव्या सीटवर ताईंना बसवून मालेगावला नेऊ लागले. ताई पदर डोक्यावरून घट्ट बांधून, मांडीवर पिशवी धरून बसत. एसटीला लागतो तेवढाच वेळ त्यांनाही लागे, कारण "ॲव्हरेज किती देते?" असे विचारणारे वाटेत सरासरी सात जण भेटत आणि साडभाऊ प्रत्येकाला इंजिन उघडून दाखवत.

मग दोन तासांवरच्या एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांची शर्यत होणार असल्याचे त्यांना कळले. त्यात सातशे किलोपर्यंतच्या गाड्यांचा एक गट होता. मालेगावला ज्या काट्यावर ट्रॅक्टर तोलतात, त्यावर ही गाडी साडेसातशे भरली. साडभाऊंनी बंपर काढले, टप काढला, स्टेपनी काढली, सातशे. त्यानंतर त्यांनी नियम नीट वाचले. गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून पाठीमागे लोखंडी नळीची कमान हवीच होती. ट्रॉल्या बनवणाऱ्याने ती ट्रॉलीच्याच मापाने जोडून दिली, सातशे वीस. मग समोरची काच गेली आणि माश्या चष्म्यावर येऊ लागल्या. हॉर्न गेला, तेव्हापासून म्हशी आडव्या आल्या की साडभाऊ स्वतःच ओरडत. सातशे दहा. काढलेली स्टेपनी वाटेत लागलीच तर असावी, म्हणून ती माझ्या मोटारसायकलवर मागे बांधलेली असे. म्हणजे त्यांच्या कमी झालेल्या वजनातले चौदा किलो मी वाहत होतो.

शेवटी त्यांनी डावी सीट काढली. बारा किलो. शर्यत झाली की परत बसवतो, असे त्यांनी ताईंना सांगितले. ताई पुढच्या बाजाराला एसटीने गेल्या. माझ्या बायकोजवळ मात्र म्हणाल्या, "बारा किलोची सीट काढली, सोताच्या पोटाचे वीस किलो तसेच हायेत." हे साडभाऊंच्या कानावर गेले आणि त्यांनी रात्रीची भाकरी सोडली. गाडीचे वजन चालकाशिवाय धरतात, हे मी त्यांना समजावले. "तरी," ते म्हणाले.

शर्यतीआधीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही पुन्हा काट्यावर गेलो. तिथले म्हातारे काटेवाले पावती छापण्याआधी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात, गाडी भरलेली की रिकामी हे समोर दिसत असले तरी. त्यांनी विचारले, "भरेल का खाली?"

साडभाऊ उतरून उभे होते. गाडीत डाव्या बाजूला नुसता पत्रा होता, त्यावर सीटच्या बोल्टची चार भोके. "खाली," ते म्हणाले आणि पत्र्याकडे पाहत राहिले. काटा सातशे दाखवत होता. हा काटा दहा-दहा किलोनेच मोजतो, खरे वजन सातशे चारही असू शकेल, असे मी म्हणालो. "आज आकडे राहू द्या, साडभाऊ," ते मला म्हणाले. रस्त्यापलीकडे एसटीच्या थांब्यावर ताई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही.

घरी जाऊन त्यांनी सीट परत बसवली. आता वरच्या गटात धावावे लागेल आणि तिथल्या गाड्या दुप्पट ताकदीच्या असतील, हे मी सांगितले.

"मले ठाऊक हाय," बोल्ट आवळत ते म्हणाले. "पण तो पत्रा लय वाजून राह्यला होता."

वरच्या गटात नऊ गाड्या होत्या. साडभाऊ नववे आले, आठव्याच्या मागे एक मिनिट बेचाळीस सेकंदांनी. मी घड्याळ लावले होते. ताईंनी कठड्याजवळ उभ्या राहून सगळ्या फेऱ्या पाहिल्या. ते उतरल्यावर त्यांनी चष्मा मागून घेतला आणि पदराने त्यावरच्या माश्या पुसल्या. "बाकीचे उगीच घाई करून राह्यले होते," त्या म्हणाल्या.

परतताना मालेगावात साडभाऊंनी काही कारण नसताना गाडी काट्यावर चढवली. ताई शेजारी, मांडीवर पिशवी. काटेवाल्यांनी विचारले, "भरेल का खाली?"

"भरेल," साडभाऊ म्हणाले, आणि उतरले नाहीत.

ती पावती ते अजून हेल्मेटच्या अस्तरात ठेवतात. त्या कागदावरची शाई टिकत नाही. आता तो जवळजवळ कोराच झाला आहे, तरी ते मधूनच काढून उजेडात धरतात. आकडा मला पाठ आहे. पण ताईंनी मला शपथ घातली आहे, म्हणून ठाऊक असलेला एक आकडा मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत नाही.