घुमणारा आवाज नको

मी आयुष्यभर रिक्षांचे हूड आणि सीट शिवले. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे इंग्रजीशी माझा संबंध रेक्झिनच्या गठ्ठ्यावर छापलेल्या अक्षरांपुरता. पण संध्याकाळी हात धुतले की मी आणि बायको शेजारी बसून नाटक नाहीतर सिनेमा बघणार, हे लग्नापासूनचं. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला तेव्हा त्याचा टेबलावरचा कॉम्प्युटर आमच्या धायरीच्या हॉलमध्ये ठेवून गेला. टीव्ही बंद पडल्यावर आम्ही त्याच्यावरच बघायला लागलो.

मग बायकोचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, कडेचं दिसत राहील. म्हणजे ती घरात फिरते, चहा करते, दाराला कडी लावते, पण समोरच्या माणसाचं तोंड तिला दिसत नाही. कॉम्प्युटरवर सिनेमा लावला तर नुसता उजेड हलतो म्हणते.

तिचं माहेर लोणी काळभोर. भाषा अजून तिथलीच. सिनेमा सुरू झाला की तिचंही सुरू व्हायचं.

"कोन हाय त्यो?"

"तिचा भाऊ."

"मग आता बोलला त्यो?"

"तो दुसरा."

"कुटं उभा हाय?"

"दारात."

"अन् ती?"

"अगं, ती खिडकीपाशी. मला बघू दे जरा."

"बघा तुमी," असं म्हणून ती एक दिवस उठली आणि नंतर बसायला आलीच नाही. मी हॉलमध्ये एकटा, ती आत भांडी लावत. भांडी आधीच लावून झालेली असायची. हाक मारली तर म्हणायची, "मी येऊन काय करू? तुमाला सांगायचा कंटाळा, मला इचारायचा."

खरं सांगतो, सांगायचा कंटाळा होताच. पण एकट्याने सिनेमा बघण्यात काही राम नाही, हे मला तेव्हा कळलं. कोणी विचारत नव्हतं तर माझंही लक्ष लागत नव्हतं.

नंतर ती येरवड्याला भाचीकडे राहून आली. आल्या आल्या चप्पल न काढता सांगायला लागली. भाचीकडे म्हणे खोलीत चारी बाजूंना स्पीकर आहेत. "त्यो बाप्या माज्या मागनं आला. हितनं," म्हणून तिने स्वतःचा उजवा कान धरून दाखवला. "दार उघाडलं, चालत पुढं गेला. मला कुनी सांगितलं न्हाय. माजं मला कळलं."

मी भाचीच्या नवऱ्याला फोन करून किंमत विचारली. ऐकून आधी पाणी प्यायलो. मुलगा म्हणाला, "बाबा, मी इथून ऑर्डर करतो, घरपोच येईल." मी म्हटलं, जी वस्तू कानाची ती कानाने ऐकून घ्यायची. फोटो बघून स्पीकर घेणं म्हणजे वास घेऊन कापड घेण्यासारखं आहे. आणि पाच हजारांच्या वर मी जाणार नाही. तो म्हणाला, पाच हजारांत तसं मिळणार नाही. त्यानंतर तर मला स्वतः बाजारात जाणं भागच होतं.

निघताना मी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवली होती. आमच्या हॉलमध्ये सामान कमी, खाली गुळगुळीत फरशी. जुने दोन स्पीकर होते त्यांचा आवाज भयंकर घुमायचा. "नुसता घुमतोय, सबुद कळत न्हाय," ही बायकोची जुनी तक्रार. तेव्हा नवीन काहीही घ्या, घुमणारं घ्यायचं नाही.

मंडईला बसमधून उतरून स्पीकर-वायरींच्या तापकीर गल्लीत गेलो. पहिलं दुकान एका राजस्थानी शेठचं. माणूस बोलायला गोड, मराठी हिंदीच्या वळणाचं. मी म्हटलं, कॉम्प्युटरला लावायचे, चारी बाजूंनी ऐकू येणारे स्पीकर हवेत, स्वस्तातले.

"हा घ्या ना काका. एक नंबर. पूर्ण रूममध्ये आवाज घुमणार."

"घुमणारा नको."

"अरे काका, घुमतो म्हणून तर लोक घेतात."

"लोकांना घेऊ द्या," असं म्हणून मी दुकानाची पायरी उतरलो.

पुढच्या दुकानात तेच. तिथला पोरगेला माणूस हाताने खोली दाखवत म्हणाला, "आवाज असा घुमेल ना अंकल." त्याच्या पुढच्या दुकानातही घुमणारच होता. मला वाटलं, अख्खी गल्ली लोकांना फसवायला बसलीय. जी खोड दुरुस्त करायला घराबाहेर पडलो, तीच हे गुण म्हणून विकतायत.

शेवटी एक मराठी दुकान दिसलं. बाहेर पाट्याच पाट्या. मालक पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "बोला."

मी काय पाहिजे ते सांगितलं. त्याने एका खोक्याकडे बोट केलं. त्यावर पाच, टिंब, एक असं लिहिलेलं.

"पाच पॉइंट एक म्हणजे किती?"

"सहा."

"मग सहा लिहा की सरळ."

"कळवतो कंपनीला."

"आवाज घुमतो का?"

आता त्याने पेपर खाली केला. "नाही."

"नक्की?"

"तुमचा आग्रह असेल तर घुमवून देऊ."

किंमत माझ्या हिशोबात बसत होती. दुकानात लावून दाखवला तेव्हा पाचही लहान डब्यांतून आवाज येत होता, सहावा मोठा डबा खालून धडधडत होता. मी घेतला. खोकं मांडीवर ठेवून बसने घरी आलो आणि येताना मुलाला फोन करून सांगितलं, की पाच हजारांत मिळतं, तुम्हालाच शोधता येत नाही.

घरी चार डबे चार कोपऱ्यांत ठेवले, एक पडद्याखाली, मोठा टेबलाखाली. वायरी पायात येऊन बायको पडू नये म्हणून त्या भिंतीकडेने घेतल्या आणि वरून रेक्झिनच्या पट्ट्या चिकटवल्या. तेवढं काम मात्र चांगलं झालं. मग तिला खुर्चीत बसवलं आणि नाटक लावलं.

तिने मान एकदा या कोपऱ्याकडे, एकदा त्या कोपऱ्याकडे वळवली. नंतर म्हणाली, "ह्ये पाचजन मिळून एकच बोलत्यात. आरती चाललीय का काय?"

"नीट ऐक."

"ऐकतेय की. त्यो पन चारी कोपऱ्यात हाय, ती पन चारी कोपऱ्यात हाय. आदी निदान समोर तरी होती."

मी मागच्या डब्याला कान लावला, पुढच्याला लावला. अक्षर न् अक्षर सारखं. कॉम्प्युटरमधून एक वायर निघत होती आणि तीच पाच ठिकाणी वाटली जात होती. ती उठून आत गेली. या वेळी भांडी खरंच लावायची होती, त्यामुळे मला बोलताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन परत गल्लीत. मालकाने मला बघितलं आणि डोक्यावरच्या पाटीकडे बघितलं.

"आजोबा, पाटी वाचता येते?"

"मराठी येते. विकलेला माल परत घेणार नाही, असं लिहिलंय. पण तुम्ही विकलाय तो मालच नाही. पाच डब्यांतून एकच आवाज येतो."

"पाच डबे मागितलेत, पाच दिले. प्रत्येकातून वेगळं गाणं पाहिजे होतं का?"

"माणूस मागून आला तर मागून ऐकू यायला पाहिजे."

"मग तीन वायरींचा सेट लागतो. हा एका वायरीचा. त्या तीन वायरीवाल्यात आवाज घुमतो. तुम्हीच म्हणालात ना, घुमणारा नको?"

"मग तो दाखवा."

"तो मी ठेवत नाही. हाच खपतो." आणि पेपर वर केला.

मी खोकं उचलून बाहेर आलो. डोकं तापलेलं. म्हणे तीन वायरीवाल्यात घुमतो. म्हणजे पाहिजे ते घ्यायचं तर घुमणारंच घ्यायचं, असा काय हा जगाचा न्याय. असं मनात बडबडत चाललो होतो, तेवढ्यात पहिल्या दुकानाच्या राजस्थानी शेठने ओळखलं.

"काका, घेतलात? घुमतो का?"

"नाही घुमत."

"मग कशाला घेतलात?"

मी खोकं त्याच्या काउंटरवर आपटलं. "सगळ्यांनी घुमतो, घुमतो काय लावलंय? घुमलं तर शब्द कळतो का?"

त्याला काही उमगेना. त्याने बोट वर केलं आणि स्वतःच्या डोक्याभोवती हळूहळू गोल फिरवलं. "घूमना, काका. आवाज इथून तिथे घुमतो. गाडी पुढून आली, तुमच्या बाजूने मागे गेली. असा."

मी त्याच्या बोटाकडे बघत राहिलो. "हे फिरणं झालं."

"तेच बोलतो ना मी. घूमना."

"मराठीत हे नाही." मी त्याच्या दुकानाच्या अर्धवट ओढलेल्या शटरवर थाप मारली. पत्रा बराच वेळ घुमत राहिला. शेजारच्या दुकानातले लोक डोकावले. "हे घुमणं."

"हे कोण घेणार?" तो म्हणाला.

"मग फिरतो म्हणा की."

"फिरतो बोललो तर गिऱ्हाईक बोलतं, शेठ, तुझं डोकं फिरलं काय."

तो हसला. मला हसू आलं नाही. एवढी वर्षं या गावात धंदा करून एक शब्द शिकता येत नाही, आणि त्या शब्दापायी मी चांगला माल सोडून पाचतोंडी आरती घरी नेली. बरं, त्या मराठी पेपरवाल्याला तरी कळायला नको? तोही गल्लीचीच भाषा बोलायला लागला होता.

शेठने माझं खोकं ठेवून घेतलं आणि वर थोडे पैसे घेऊन एक वापरलेला सेट दिला. काळा, एका डब्याची जाळी आत दबलेली, पण वायरी तीन. दुकानात त्याने एक गाडी गेल्याचा आवाज लावला. ती खरंच माझ्या मागून पुढे गेली. मी मान वळवली नाही, कारण तो बघत होता.

पण सुखासुखी लागेल तर तो कॉम्प्युटर कसला. सेटच्या वायरी हिरवी, काळी, नारिंगी. कॉम्प्युटरच्या पाठीवरची भोकं हिरवं, निळं, गुलाबी. हिरव्याला हिरवं मिळालं, बाकीच्यांची लग्नं जुळवायची होती. मुलाला फोन लावला.

"बाबा, काळी निळ्यात, नारिंगी गुलाबीत."

"कोणी ठरवलं?"

"मी नाही ठरवलं. घाला."

मग त्याने फोनवरून हे दाबा, ते दाबा, असं बराच वेळ चालवलं. प्रत्येक वेळी पडद्यावर काहीतरी इंग्रजी यायचं, मी एकेक अक्षर सांगायचो, तो तिकडे कपाळावर हात मारत असणार. आवाज ऐकू यायचा नाही, पण माहीत असतं. शेवटी पडद्यावर एका खुर्चीभोवती मांडलेल्या स्पीकरांचं चित्र आलं. "आता टेस्ट दाबा," म्हणाला. "चित्रातला जो स्पीकर उजळेल, तोच वाजला पाहिजे."

बायकोला बोलावलं. "मला कशाला? परत आरती?" म्हणत आली, पण आली. खुर्चीत बसली.

पुढचा डावा वाजला. तिने डावीकडे बोट केलं. मधला वाजला, समोर. उजवा बरोबर. मग चित्रात मागचा उजवा उजळला, आणि तिने बोट डाव्या कानामागे नेलं.

"उजवा आहे तो," मी म्हटलं.

"डावा हाय."

"अगं, इथे समोर चित्रात दिसतोय उजवा."

"तुमी चित्र ऐका. मी आवाज ऐकतेय."

मी पुन्हा लावलं. पुन्हा डावा. मी तिला सांगितलं की कॉम्प्युटर चुकत नाही, ती म्हणाली मग त्यालाच खुर्चीत बसवा. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मागच्या वायरी उलट्या गेल्या असतील." मी म्हटलं, माझ्या हातून वायर उलटी जात नाही. मग वाकून बघितली. रेक्झिनच्या पट्ट्या मीच पुन्हा चिकटवल्या होत्या, मीच उपटल्या. वायरी उलट्या होत्या. ती खुर्चीत डाव्या कानामागे बोट तसंच धरून बसली होती.

सगळं सरळ झाल्यावर नाटक लावलं. मागचे दोन्ही डबे मुके. मी त्यांच्यावर टिचक्या मारल्या, वायरी हलवल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, ते जुनं रेकॉर्डिंग आहे. त्यात मागचा आवाज मुळातच नाही. जे नाहीये ते कुठून वाजणार?" एवढी दमछाक करून शेवटी हे ऐकायचं. मी फोन ठेवून दिला.

बायको म्हणाली, "नाटकात मागनं कोन येनार? उशिरा आलेली लोकं. त्यांचा आवाज कशाला पायजे?"

मुलाच्या मेंबरशिपवर सिनेमे येतात, त्यात काहींच्या नावाखाली ते पाच टिंब एक लिहिलेलं असतं. आता त्याचा अर्थ मला माहीत होता. तसा एक शोधून लावला. कुठला होता, नीट आठवत नाही, कारण माझं लक्ष पडद्याकडे नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो. मागे कुठेतरी पायरी वाजली तशी तिने मान किंचित वळवली. बाईचं बोलणं समोरून, रस्त्यावरची रिक्षा डावीकडून, मारामारीतले ठोसे दोन्हीकडून.

"आला त्यो," ती म्हणाली. पडद्यावर दार अजून उघडलं नव्हतं.

"कोण?"

"थांबा, येईल आता."

दार उघडलं, तो आला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने तोंड पडद्याकडेच ठेवून हात वर करून मला गप्प केलं. सिनेमा संपेपर्यंत ती उठली नाही. चहाचं भांडं आत तसंच पडून होतं. नावं वर सरकायला लागली, मी बंद करायला उठलो, तेव्हा म्हणाली, "मागचा डबा जरा खाली घ्या, कानाच्या वर वाजतोय. आन उद्या मारामारीचा नको, चांगला घरातला लावा."