कॅल्शियमच्या डबीतल्या सहा गोळ्या

मला डॉक्टरांनी योनीमार्गात ठेवायला दिलेल्या दोन गोळ्या माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, कॅल्शियमच्या समजून खाल्ल्या, आणि यात सगळी चूक माझी होती.

मी धरमपेठेत राहते आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. प्रजनन संस्थेचा धडा मी साठ मुलामुलींपुढे न अडखळता शिकवते. पण मे महिन्यात मलाच खाज सुटली आणि दह्यासारखा पांढरा स्राव जायला लागला, तेव्हा आठ दिवस मी घामोळं आहे असं स्वतःला सांगत बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, बुरशीचा संसर्ग आहे म्हणाल्या, आणि सहा गोळ्या दिल्या. रोज झोपताना एक, आत सरकवून ठेवायची.

घरात त्याच दिवशी गावाकडून, खाप्याहून, सासूबाई आल्या होत्या. त्यांना प्रत्येक खोका उघडून बघायची सवय. म्हणून मी औषधाचा खोका फाडून फेकला, गोळ्या वेष्टनातून सोडवल्या आणि कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत लपवल्या. (जीवशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या बाईची ही अक्कल.)

तिसऱ्या दिवशी डबी उघडली. चार उरायला हव्यात, तर दोनच. मी पलंगाखाली शोधलं, गादी उचलली, उंदरांवरही संशय घेतला. तेवढ्यात प्रकाश चहा पीत म्हणाला की या नव्या कंपनीचं कॅल्शियम काही बरोबर नाही, गोळी घशातून उतरत नाही, दोन्ही दिवस चावून खावी लागली.

मी कपाळाला हात लावून बसले.

"काहून वं, अशी काय पाहून राहिली माझ्याकडे?"

मी म्हटलं, ती माझी त्वचेची गोळी होती. त्वचेची गोळी कॅल्शियमच्या डबीत काय करून राहिली, असं त्याने विचारलं, आणि मग त्याचं पोट दुखायला लागलं. पाच मिनिटांपूर्वी ते दुखत नव्हतं. सासूबाईंनी पोराचा उतरलेला चेहरा पाहिला आणि पायात चपला घातल्या. आम्ही तिघं एका ऑटोत बसून डॉक्टरीणबाईंकडे निघालो. वाटेत प्रकाशने मला विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, मान खाली घातली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्याला तपासून म्हणाल्या, दोन गोळ्यांनी बहुधा काही होणार नाही, मळमळ किंवा उलट्या झाल्या तर लगेच कळवा. माझ्यासाठी त्यांनी कमी पडलेल्या दोन गोळ्या लिहून दिल्या आणि कोर्स मध्येच सोडायचा नाही, असं बजावलं.

मग सासूबाईंनी विचारलं की गोळ्या नेमक्या कशाच्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हटलं, बायकांचा त्रास असतो, आई.

"खालची खाज काय?" त्या म्हणाल्या. "तसं सांग ना वं. मले चार महिन्यापासून होऊन राहिली. रोज खोबरेल लावतो."

प्रकाश आपणहून बाहेर जाऊन बसला.

चार महिने, आणि आम्ही दर रविवारी त्यांच्याशी फोनवर बोलत होतो. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या उरलेल्या गोळ्या मागितल्या, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आधी तपासणी, आणि रक्तातली साखरही बघू, कारण या वयात खाज इतके महिने टिकण्यामागे ती असू शकते. साखर निघाली, चांगलीच वाढलेली. वेळेत कळलं. दोघींचे उपचार सोबतच झाले, सासूबाईंची साखर आटोक्यात आली, आणि प्रकाशला काहीही झालं नाही.

सासूबाई आता खाप्यात बायकांना सांगत फिरतात की खाज सुटली तर लाजू नका, डॉक्टरले दाखवा. परवा तिथे एका लग्नाला गेले, तर एक अनोळखी म्हातारी माझ्याजवळ आली, मला नीट न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाली, "हीच ती, शिकलेली. लाजेपायी नवऱ्याले खाऊ घातल्या."