कंसातली सून

माझ्या नाटकवेडाला सासरी वाट मिळाली, ती सासऱ्यांनी एक नाटक अर्धंच वाचलं म्हणून.

बंगळूरच्या चामराजपेठेत माझं सासर. पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच झालेलं, मराठीत कन्नड कालवून बोलणारं घर. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, बावीस वर्षांची. कॉलेजात मी नाटकांतून कामं केली होती, हे लग्न ठरवताना आमच्याकडच्यांनी हुशारीने गाळलं होतं. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाईंना अक्का. अण्णा सचिवालयातून निवृत्त झालेले. पुढच्या खोलीत त्यांची वेताची, हातांची खुर्ची होती. वर्तमानपत्र, कॉफी, सुनेचे अर्ज, सगळं त्या खुर्चीपर्यंत चालत जायचं. अण्णा बाहेर गेले तरी तिच्यात कुणी बसत नसे. अक्का ती रोज पुसायच्या, तेवढाच त्यांचा तिच्याशी संबंध.

साठचं दशक नुकतं लागलं होतं. माझा नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्याच्या खात्यातला मुंबईचा एक मित्र मराठी मंडळात नाटकं बसवायचा आणि त्या वर्षी त्याला ॲब्सर्ड नाटकाने झपाटलं होतं. त्याने स्वतःच एक एकांकिका लिहिली. नवरा खुर्चीत बसून अर्धा तास हुकूम सोडतो. बायको अवाक्षर काढत नाही. प्रत्येक हुकमाला मान डोलावते आणि खोलीतली एकेक वस्तू बाहेर नेऊन ठेवते. मंडळात तोवर बायकांची कामं पुरुषच करायचे, पण या वेळी मिशी काढायला कुणी तयार होईना. मला ते काम हवं होतं. इतकं, की जेवणं झाल्यावर ताटं उचलताना मी मनातल्या मनात विंगेत जायची.

परवानगी मागितली, तेव्हा अण्णांनी नाटकाची वही मागवली, चष्मा लावला, दोन दिवस वाचली. पण फायलींत जन्म गेलेल्या अण्णांचा एक नियम होता: कंसातला मजकूर कारकुनांसाठी असतो. त्यांनी फक्त संवाद वाचले. आणि संवाद सगळे नवऱ्याचे; बायको सगळी कंसात!

"उत्तम नाटक," ते म्हणाले. "पुरुष घर चालवतोय, बाई उलटून एक शब्द बोलत नाही. असं हल्ली लिहितंय कोण?"

"याला ॲब्सर्ड म्हणतात, अण्णा," दिग्दर्शक चाचरत म्हणाला.

"सरी, सरी, काय म्हणायचं ते म्हणा. नवऱ्याचं काम मात्र हिच्या नवऱ्यानेच करायचं. आणि खुर्ची आमची न्या. असल्या नाटकाला खुर्ची भारदस्त पाहिजे."

मी दिग्दर्शकाकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर दोघंही फुटलो असतो आणि हाती आलेली परवानगी गेली असती.

रविवारी चार वाजता प्रयोग. अण्णा पहिल्या रांगेत मधोमध, अक्का मागे बायकांत. नवऱ्याने हुकूम सोडला, मी मान डोलावली आणि फुलदाणी नेली. मग घड्याळ. मग टेबल. टेबलापाशी बायकांतून पहिलं हसू आलं. मी वर्तमानपत्र काढून घेतलं, तरी नवरा रिकाम्या हातांनी पानं उलटत राहिला, तेव्हा सभागृह गडगडलं. शेवटी तो बोलता बोलता जरासा उठला, मी खुर्ची ओढली, आणि तो जमिनीवर मांडी घालून तितक्याच रुबाबात कॉफी मागू लागला. अण्णांची खुर्ची डोक्यावर घेऊन मी निघाले. जाताना खाली नजर गेली. अण्णा हसत नव्हते.

प्रयोगानंतर दुसऱ्या मंडळाचे लोक आत आले. पुढच्या महिन्यात आमच्याकडे कराल का? दिग्दर्शक लगेच हो म्हणाला. माझा होकार अण्णांच्या खिशात होता.

खुर्ची जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, घालून अक्का आणि मी आधी घरी पोचलो; अण्णा आणि नवरा मागून चालत येत होते. जटकेवाल्याने खुर्ची तिच्या जागी ठेवली. अक्कांनी सवयीने ती पदराने पुसली, माझ्याकडे पाहिलं, आणि चक्क बसल्या. इकडे सरकल्या, तिकडे सरकल्या.

"अगो, ही टोचते की! पस्तीस वर्षं पुसतेय मी हिला. एवढ्यासाठी का एवढा धाक?"

आणि दारात अण्णा.

पुढचा प्रयोग गेला, मी मनाशी म्हटलं. अक्का धडपडून उठायला गेल्या, तर लुगडं तुटक्या वेतात अडकलं. अण्णा जवळ आले, वाकले आणि दोन बोटांनी ते सोडवू लागले.

"डावीकडे टोचते ना?"

"हो. तुम्हाला ठाऊक होतं?"

"वेत तुटून पाच वर्षं झाली. मी उजवीकडे सरकून बसतो."

"मग बोलायचं की! विणणारा दारावरून जातो."

"खुर्ची कशी आहे, असं मला विचारतं कोण या घरात? सगळे पुसून जातात."

हे त्यांनी इतकं मनापासून म्हटलं की अक्कांना हसू फुटलं. मग ते माझ्याकडे वळले.

"कंसातलं मी वाचलं नव्हतं."

"माहीत होतं, अण्णा," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"माहीत होतं!" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "पुढचा प्रयोग कधी?"

"पुढच्या महिन्यात. पण तुम्ही..."

"खुर्ची न्या," अण्णा म्हणाले. "परत आणायची घाई करू नका."

त्या संध्याकाळची कॉफी त्यांनी उभ्यानेच घेतली. अक्का खुर्चीत उजवीकडे सरकून बसून पाहत होत्या.